सूट घ्यावा टोकियोत

परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत काय भरायचे, याबद्दल आपल्याकडच्या घराघरांत एकमत असते. गोडा मसाला, मेतकूट, कुकर, गणपतीची लहानशी मूर्ती, आणि घाईघाईने शिवून घेतलेले दोन सूट. पहिल्या चार वस्तूंबद्दल माझी काही तक्रार नाही. सूट मात्र, मुलगा टोकियोला जात असेल तर, इथून शिवून नेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्या शहरात बरीच वर्षे नोकरी केली असल्यामुळे हे मत मांडायचा मला थोडाफार अधिकारही आहे.

आमच्या शिंप्यांच्या हाताला नावे ठेवण्याचा यात हेतू नाही. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला एखादा कारागीर बसल्या बसल्या जो कोट उतरवतो, त्याच्या काजाला जगात तोड नसेल. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस सूट शिवतो तो लग्नाच्या रिसेप्शनसाठी. त्यामुळे कापडाला किंचित चमक हवी, खांदे भरदार हवेत, आणि चार लोकांनी "कुठून शिवलास रे?" असे विचारायला हवे. टोकियोत सूट घालायचा तो कोणीही काहीही विचारू नये म्हणून!

हे पाहायचे असेल तर सकाळी साडेसातला निशी-कासाई स्टेशनवर उभे राहावे. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. सन २००० च्या सुमारास संगणकांच्या कामासाठी आपली मंडळी जपानात जाऊ लागली आणि इथे स्थिरावली, कारण इथून तोझाई लाइनची गाडी न बदलता थेट निहोनबाशी आणि ओतेमाचीच्या कचेऱ्यांपाशी नेऊन सोडते. आज इथे भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत, आणि रस्त्यात मराठी कानावर पडले तर कोणी मान वळवत नाही. त्या गाडीची सकाळची गर्दी म्हणजे आपली विरार लोकलच. फक्त कोणी बोलत नाही. आणि डबाभर नुसता गडद निळा, करडा आणि काळा रंग. त्या रंगात आपला चॉकलेटी चौकड्यांचा कोट शिरला की अर्धा डबा हळूच नजर खाली घालतो. जपानी माणूस टक लावून पाहत नाही, तेवढा तो सभ्य आहे. पण तो पाहत नाही हेच आपल्याला फार जाणवते.

या पोशाखाची तिथली कुळकथाही गमतीची आहे. दरबारी समारंभाला पाश्चात्त्य पोशाख घालावा असा हुकूम मेइजी सरकारने १८७२ साली काढला. त्याच्या आठवणीने १२ नोव्हेंबर हा दिवस तिकडे पाश्चात्त्य कपड्यांचा दिवस म्हणून पाळतात. सूटला जुना जपानी शब्द 'सेबिरो'. तो लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीवरून आला असे पुष्कळ जण सांगतात, काही जण 'सिव्हिल' या शब्दाकडे बोट दाखवतात. सदऱ्याला 'वाय-शात्सु' म्हणतात. ते 'व्हाइट शर्ट'चे जपानी रूप, हे मला कळायलाच वर्ष गेले.

आता खरेदी. नवा माणूस प्रथम निहोनबाशीच्या मित्सुकोशीत जातो. अवश्य जावे, पण पाहायला. हे दुकान १६७३ साली एचिगोया या नावाने किमोनोच्या कापडाचे म्हणून निघाले आणि रोख पैसे, एकच भाव अशी पद्धत पाडून त्याने नाव कमावले. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षापासून ज्या शहराला एकभावाची सवय आहे, तिथे आपल्या गृहिणींची घासाघीस कशी चालावी? अपवाद एक. उएनो आणि ओकाचिमाची या स्टेशनांच्या दरम्यान रेल्वेच्या पुलाला चिकटून आमेयोको नावाचा बाजार आहे. युद्धानंतर तिथे काळा बाजार भरत असे. तिथले दुकानदार अजून ओरडून माल विकतात आणि भावही थोडा सोडतात. बूट, पट्टा, बॅग यासाठी उत्तम. सूटसाठी तिथे जाऊ नये. आणखी एक ठिकाण म्हणजे बाकुरोचो-योकोयामाचो, कपड्यांच्या घाऊक व्यापाऱ्यांची पेठ, आपल्या मूळजी जेठा मार्केटच्या जातीची. पण तिथल्या पुष्कळ दुकानांच्या दारावर किरकोळ विक्री नाही अशी पाटी असते, आणि ती पाटी लिहिलेली असते तशीच पाळलीही जाते.

मग मध्यमवर्गीय जपानी माणूस जिथे जातो तिथेच आपण जावे. आओयामा, आओकी, कोनाका ही पुरुषांच्या सूटच्या दुकानांची मोठी कुळे. गावाबाहेरच्या हमरस्त्यावर, स्टेशनाजवळ, कुठेही त्यांच्या पाट्या दिसतात.

अशा एका दुकानात २०२३ सालच्या ऑक्टोबरात मी सांगलीच्या एका तरुणाला घेऊन गेलो होतो. पोरगा नुकताच आला होता. सोमवारी त्याला एका बँकेत गिऱ्हाइकासमोर बसायचे होते, पगार पंचवीस तारखेला होणार होता, आणि तोवरच्या सगळ्या खर्चाला त्याच्यापाशी चाळीस हजार येन होते. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता वेगळाच.

"काका, सूट आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "बाबांनी शिवून दिलाय."

मी त्याच्या खोलीवर जाऊन तो पाहिला. शिलाई सुरेख होती. अस्तर रेशमी, आतल्या खिशाची पट्टी नजर लागावी अशी. पण रंग वांगी होता. अगदी कृष्णाकाठच्या वांग्याचा, आणि वर तशीच तकाकी.

"कापड बाबांनी स्वतः निवडलं," तो म्हणाला. "आमच्याकडे कोणीच कधी सूट घातला नव्हता ना."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. "हा सणाला ठेव," एवढेच मी म्हटले आणि त्याला दुकानात नेले.

तिथला मापांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कोटाच्या चिठ्ठीवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. आकडा उंचीचा: पाच म्हणजे १७० सेंटिमीटर, सहा म्हणजे १७५, असे पाच-पाचने वाढत जायचे. अक्षर मात्र छातीच्या आणि कमरेच्या मापांतला फरक सांगते. 'ए' म्हणजे बारा सेंटिमीटर, हा तिथला आदर्श पुरुष. 'वाय' म्हणजे सोळा, काटकुळा. पुढे 'एबी' दहा, 'बी' आठ, 'बीबी' सहा, 'बीई' चार, आणि शेवटी 'ई' म्हणजे छाती आणि पोट समसमान! एवढ्या सभ्यपणे पोटाचे मोजमाप करणारे राष्ट्र दुसरे नसेल. आमचा सांगलीकर वाय-पाच निघाला. मी स्वतः बीबी-सहा आहे. औरंगाबादच्या मकबऱ्यावरून त्यावर जे विनोद सुचतात, ते सगळे मी घरी ऐकले आहेत.

सदऱ्याचेही असेच, दोन आकडे. ३९-८२ असे लिहिले असेल तर पहिला गळ्याचा आणि दुसरा 'युकी'चा. युकी म्हणजे मानेमागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचे अंतर. हे माप किमोनो शिवणाऱ्यांचे, ते इंग्रजी सदऱ्याला येऊन चिकटले. आपल्यातल्या पुष्कळांचा गळा बेताचा आणि हात लांब, त्यामुळे बाही आखूड होते. एकदा युकी मोजून घेतली की जन्माचे काम होते. सदरे घ्यावेत ते बिनइस्त्रीचे. एकट्या राहणाऱ्या माणसाला त्यासारखा सोबती नाही.

खरी बचत असते ती दोन पॅन्टींच्या सूटमध्ये. एक कोट, दोन पॅन्टी. कोट आपण कचेरीत गेल्यावर खुर्चीला अडकवतो. झिजते ती पॅन्ट, बसून बसून मागे आणि गुडघ्याला. एक पॅन्ट गेली की शिल्लक उरलेला कोट कशाशी घालायचा हा प्रश्न मुंबईतल्या कारकुनाने आयुष्यभर सोसलेला आहे. जपान्यांनी तो दुकानातच सोडवला. सांगलीकराने गडद निळा, दोन पॅन्टींचा निवडला. किंमत तेवीस हजार येन, आणि त्यावर दहा टक्के विक्रीकर. कर चुकवता येत नाही. पासपोर्ट दाखवून मिळणारी सवलत प्रवाशांसाठी असते, तिथे राहून नोकरी करणाऱ्यासाठी नव्हे. म्हणजे पंचवीस हजार तीनशे. तेव्हाच्या भावाने सुमारे चौदा हजार रुपये. त्याने पाकिटातल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. पंचवीस तारखेपर्यंतचे उरलेले दिवसही त्याने मनात मोजले असणार.

नंतर एक पोक्त विक्रेता चक्क त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसला आणि पॅन्टच्या उंचीला टाचण्या लावू लागला. पोरगा संकोचून मागे सरकला. वडिलांच्या वयाच्या माणसाने आपल्या पायाला हात लावावा हे आपल्याला सोसत नाही. तो माणूस मात्र शांतपणे विचारत होता, खाली दुमड हवी की साधी? आणि कोटाच्या आत नाव भरतकामाने घालायचे का? ही तिथली जुनी रीत आहे. खानावळीत वीस निळे कोट एका रांगेत टांगलेले असले म्हणजे तिचा उपयोग कळतो.

पहिल्याच खेपेला घ्यायचा नाही, पण पहिल्या वर्षात घ्यावाच लागतो, असा एक कपडा म्हणजे समारंभाचा गडद काळा सूट. तोच लग्नाला आणि तोच मयताला. फरक टायचा: लग्नाला पांढरा, मयताला काळा. आपण संक्रांत सोडून शुभकार्याला काळे घालत नाही, आणि पांढऱ्याचा अर्थ आपल्याकडे वेगळाच. लग्नाच्या दालनात काळ्या कोटांवर पांढरे टाय पाहिले की मराठी मनाला क्षणभर समजेना होते. मोजे मात्र कधीही भोकाचे नसावेत. कोणत्या खानावळीत केव्हा बूट काढावे लागतील, याचा नेम नाही.

उन्हाळ्याबद्दल भिऊ नये. टोकियोचा जुलै-ऑगस्ट दमटपणात मुंबईला हार जात नाही, पण २००५ साली सरकारने 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली, कचेऱ्यांतले तापमान २८ अंशांवर ठेवावे आणि कोट-टाय घरी ठेवावेत असे सांगितले. टाय विकणारे कुरकुरले, बाकी सगळे सुखावले. म्हणून पहिला सूट हिवाळी घ्यावा, आणि घरून सुती सदरे न्यावेत.

सांगलीकराची सोमवारची बैठक पार पडली. त्याच्या सूटबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन बरोबर १२ नोव्हेंबरला, रविवारी आले. निशी-कासाईत आम्ही पाच-सात कुटुंबे जमलो होतो. चकल्या झाल्या, चिवडा झाला. पोरगा वांगी सूट घालून आला, आणि बायकांनी त्याला उभा करून, फिरवून, अस्तरासकट पाहिला. त्याने फोनवरून सांगलीला तो दाखवला. पलीकडे वडील बराच वेळ नुसते बघत होते.

"ऑफिसला हाच घालतोस ना रे?"

"हो बाबा," तो म्हणाला.