तारीख पाळायची की गाडी निघू द्यायची?

मंडळी, मी भिवंडीत गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करतो. सध्या आमच्यात एकच वाद चालू आहे. नवीन व्हर्जन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मस्त चालतंय, पण ड्रायव्हर लोकांच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर ते अजून नीट तपासलेलं नाही. ठरलेल्या तारखेला देऊन टाकायचं, की थांबायचं?

"आधी देऊ, मग अपडेट पाठवू," असं अर्ध्या टीमचं म्हणणं. माझं मत, थांबूया. कारण ई-वे बिल.

१ फेब्रुवारी २०१८ आठवतोय? केंद्राच्या बजेटचा दिवस. त्याच दिवसापासून ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायला ई-वे बिल सक्तीचं झालं. देशभर चाचणी सुरू झाली होती १६ जानेवारीला, म्हणजे जेमतेम पंधरा दिवस. पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं आणि त्याच दिवशी सरकारला सक्ती मागे घेऊन चाचणीची मुदत वाढवावी लागली.

पुढे काय केलं ते बघा. दोन महिने घेतले, पोर्टलची क्षमता वाढवली. १ एप्रिलला आधी राज्याबाहेरची वाहतूक घेतली, राज्यांतर्गत वाहतूक टप्प्याटप्प्यानं. महाराष्ट्राचा नंबर आला मे महिन्याच्या अखेरीस. यावेळी पोर्टल टिकलं. उशीर झाला, पण काम झालं.

दुसरी गोष्ट खास आपल्या भिवंडीची. इथे सूत एका गाळ्यात येतं, बीम दुसरीकडे भरतात, कापड तिसरीकडे विणलं जातं आणि प्रोसेसला चौथीकडे जातं. प्रत्येक फेरीला बिल काढायचं म्हटलं तर मागवाल्यानं माग चालवायचा कधी? अखेर १ जुलै २०१८ पासून राज्यात जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत जाणाऱ्या सूत, कापड आणि कपड्यांना सूट मिळाली. राज्यांतर्गत मर्यादाही १ लाख झाली. चांगलंच झालं, पण ही अडचण भिवंडीतला कुठलाही टेम्पोवाला पहिल्या दिवशीच सांगू शकला असता. तपासणी म्हणजे फक्त सर्व्हर किती भार पेलतो एवढंच नाही. जो वापरणार, त्याच्या हातात देऊन बघायला लागतं.

थांबणं फुकट नसतं, हेही खरं. ज्यांनी वेळेत तयारी केली, माणसं शिकवली, त्यांचा खर्च वाया जातो. "तपासतोय" म्हणत वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणारेही असतात. म्हणून थांबायचं तर तीन गोष्टी सांगून: काय बाकी आहे, नवीन तारीख कोणती, आणि तोवर जुनी पद्धत चालू राहील.

पण दोन्हीकडचं नुकसान सारखं नाही. घाई चुकली तर आम्ही एसीत बसून अपडेट पाठवणार. भरलेली गाडी घेऊन माणकोली नाक्यावर उभा राहणार तो ड्रायव्हर. खाडा त्याचा, आणि समोरच्या गोडाऊनमध्ये वाट बघणाऱ्या हमालांचा.

म्हणून यापुढे सरकार असो की खासगी कंपनी, कुठलंही ॲप सक्तीचं केलं की एक प्रश्न विचारत जाऊया: हे कोणाच्या फोनवर तपासलंय?