लाकोटांचा मुलूख : जिथे मावशीही आईच

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात रॅपिड सिटीहून आग्नेयेकडे निघाले की वारा-पावसाने कोरलेले मातीचे उजाड कडे लागतात. त्यापुढे नजर पोहोचेल तिथपर्यंत गवताळ माळ. हीच पाइन रिज ही राखीव वसाहत, ओग्लाला लाकोटा लोकांचे घर. मोटारीतला रेडिओ लावला तर ‘किली’ या केंद्रावर लाकोटा भाषा कानी पडू शकते. 1983 पासून हे केंद्र पोर्क्युपाइन गावाजवळून बोलते आहे.

वूंडेड नी येथे एका टेकडीवर कब्रस्तान आहे. 29 डिसेंबर 1890 रोजी इथे अमेरिकी घोडदळाने अडीचशेहून अधिक लाकोटांना ठार केले. त्यात बायका होत्या, लेकरेही होती. गोठलेली प्रेते काही दिवसांनी एकाच लांब खड्ड्यात पुरली गेली. 1903 मध्ये उभारलेल्या दगडी स्तंभावर काही नावे कोरलेली आहेत. तिथे माणूस आपोआप गप्प होतो.

पश्चिमेला ब्लॅक हिल्सचे डोंगर आहेत. 1868 च्या तहाने ते लाकोटांकडेच राहायचे होते. 1874 मध्ये तिथे सोने सापडले आणि 1877 मध्ये सरकारने डोंगर घेतले. 1980 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली. व्याजासह ती रक्कम आता शंभर कोटी डॉलरच्या वर गेली आहे. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही. पाइन रिज हा देशातल्या अत्यंत गरीब भागांपैकी एक, तरी उत्तर एकच : डोंगर विकाऊ नव्हते.

जमीन बंदुकीने गेली, भाषा मात्र शाळेने नेली. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली. ओटा क्टे नावाचा लाकोटा मुलगा तिच्या पहिल्या तुकडीत होता. फळ्यावर इंग्रजी नावे लिहिली होती. मुलांनी छडीने त्यातले एक दाखवायचे, तेच त्यांचे नाव. ओटा क्टेचा ल्यूथर झाला. केस कापले गेले, मायबोली बोलायला बंदी आली. अशा शाळांतून परतलेल्या अनेकांनी पुढे आपल्या मुलांना ती भाषा शिकवलीच नाही. आपल्याला बसला तो मार त्यांना बसू नये, एवढीच त्यांची इच्छा. आज ती अस्खलित बोलणारे बहुतेक जण म्हातारे आहेत.

ही भाषा आपल्याला अगदीच परकी वाटत नाही. आपण ‘येतो’ आणि ‘येते’ म्हणतो, तसे लाकोटात वाक्य संपवताना पुरुषांचा शब्द वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा. आईला ‘इना’ म्हणतात, मावशीलाही ‘इना’च. वडिलांना ‘अते’, चुलत्यालाही ‘अते’च. मामा आणि आत्या यांना मात्र स्वतंत्र शब्द. म्हणजे आई गेली तरी मूल ‘इना’ या हाकेला पारखे होत नाही. माय मरो, मावशी उरो असे आपल्याकडे म्हणतात. खाला आईच्या जागी असते, हे प्रेषितांनी (स.) सांगितलेले आपल्या घरांत ठाऊकच आहे. लाकोटांनी ते थेट भाषेतच गुंफून ठेवले. ही भाषा गेली तर शब्दांबरोबर नाते सांभाळण्याची एक रीतही जाईल.

म्हणून आता धडपड चालू आहे. 1990 मध्ये मूळ रहिवाशांच्या भाषा जपण्याचा कायदा झाला. पाइन रिजवर काही ठिकाणी लहानग्यांना सगळे लाकोटातूनच शिकवतात. शाळेत शिकलेला शब्द नातू घरी बोलतो आणि आजी त्याला उत्तर देते. मधली पिढी मात्र नुसती ऐकत राहते.

माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी असल्याचे सूरह रूममध्ये सांगितले आहे. निशाणी पुसायला बंदूकच लागते असे नाही. घरात ती बोलणे थांबले तरी पुरते. आपल्या मुलांना नानी-दादीची बोली किती येते, हे आज जेवायला बसल्यावर प्रत्येक घराने एकदा पाहावे.