खंड्याचं घमेलं

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर हा अनुभव तुम्हाला असणारच. सकाळी त्याचं पाण्याचं भांडं भरून ठेवावं, तर दुपारी ते उपडं पडलेलं. पाणी एकीकडे, भांडं दुसरीकडे आणि स्वारी तिसरीकडे पाय पसरून गाढ झोपलेली! एरवी आपण हसतो, फडकं मारतो आणि विसरून जातो. पण २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरमध्ये असं हसून विसरणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण त्या वर्षी कोरडं पडलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी! तीनशेहून अधिक किलोमीटरवरून आलेलं ते पाणी थेंबाथेंबाने वापरायचं, हे लहान मुलांनाही सांगावं लागत नव्हतं.

सांगूनही कळत नव्हतं ते फक्त आमच्या खंड्याला. खंड्या म्हणजे पंधरा किलोचा, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. त्याचं पाणी लोखंडी घमेल्यात असायचं. तो दोन घोट प्यायचा, मग पुढचे दोन्ही पाय पाण्यात घालून खसाखसा उकरायचा. घमेलं कलंडलं की त्या ओल्या मातीत पोट टेकून बसायचा, अगदी महाराजांसारखा!

एक दिवस शेजारच्या काकूंनी ते पाहिलं. त्या टँकरच्या रांगेतून नुकत्याच आल्या होत्या. "आम्ही एका कळशीसाठी रात्र जागवतो, अन् तुमचा कुत्रा अंगण शिंपतोय होय गं?" त्या म्हणाल्या. आईची मान खाली गेली. रात्री बाबा म्हणाले, "आठ दिवस बघतो. नाहीतर खंड्याला कुणाच्या तरी शेतावर नेऊन सोडू."

मी तेव्हा आठवीत होते. धाकट्या भावाचे तर डोळेच भरून आले. पण आजी म्हणाली, "रडून काय होतंय? तो कधी सांडतो, ते आधी बघा."

मग आम्ही एका वहीत टिपण सुरू केलं. तीन दिवसांत गंमतच कळली. खंड्या दिवसातून दोनदाच पाणी सांडत होता, आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी होती!

पहिली वेळ भर दुपारची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो मुख्यतः पायांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. पोटावर केस कमी, म्हणून ओल्या जागी पोट टेकलं की त्याला गार वाटतं. म्हणजे ही खोडी नव्हती, त्याला उकडत होतं!

दुसरी वेळ संध्याकाळची. आम्ही शाळेतून आलो की तो घमेलं तोंडात धरून ओढायचा. भांडं वाजलं की आम्ही "खंड्या, नको!" असं ओरडत धावायचो. त्याला वाटायचं, काय छान खेळ आहे! शेपटी हलवत तो आणखी जोरात ओढायचा.

दोन आजार, तर औषधंही दोन. दुपारसाठी आम्ही लिंबाच्या सावलीत गोणपाट अंथरलं. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी त्यावर शिंपायचं. साबणाचं मात्र नाही, कारण कुत्रा ओलं अंग चाटतो. संध्याकाळी भांडं वाजलं तरी कुणी ओरडायचं नाही की धावायचं नाही. तो शांतपणे पाणी प्यायला की मात्र "शाब्बास" म्हणून कानामागे खाजवायचं आणि जुन्या दोरखंडाशी दहा मिनिटं खेळायचं.

राहिलं भांडं. आजी म्हणाली, "डोक्यावरचा हंडा का पडत नाही? खाली चुंबळ असते म्हणून." तिने जुन्या लुगड्याची छान चुंबळ केली. ती खंड्याने एका दुपारी चावून फस्त केली! मग भावाने पंक्चरवाल्याकडून स्कूटरचं फाटकं टायर आणलं. त्यात छोटं, खोल पातेलं घट्ट बसवलं. ही चुंबळ चावता येईना, पातेलं कलंडेना आणि दोन्ही पाय आत मावेनात. खंड्याने दोन दिवस टायरभोवती प्रदक्षिणा घातल्या आणि नाद सोडला.

हिशेबही जुळला. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे खंड्याची गरज लिटरभर, फार तर दीड लिटर. ते आम्ही थोडं थोडं, चार वेळा ओतू लागलो. पातेल्याभोवती थोडे शिंतोडे उडायचेच. कुत्रा जिभेचं टोक मागे हनुवटीकडे वळवून पाणी वर ओढतो, त्यात थोडं सांडणारच. तेवढं त्याला माफ!

आठव्या दिवशी बाबांनी वही वाचली. "सांडलं" या रकान्यात शेवटचे तीन दिवस शून्य होतं. त्यांनी वही मिटली, पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि शेताचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. काकूंनाही ते टायर आवडलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारातही एक आलं, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. आपल्या कळशीतलं भांडंभर पाणी त्या रोज त्यात ओतत.

तेव्हा दोस्तांनो, तुमचा कुत्रा पाणी सांडत असेल तर आधी वही घ्या. तो केव्हा सांडतो आणि लगेच पुढे काय करतो, ते लिहा. भांडं जड, खोल आणि पक्कं बसवलेलं ठेवा. तो अचानक फारच पाणी पिऊ लागला किंवा पिणंच सोडलं, तर आईबाबांना सांगून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक लक्षात ठेवा: शिक्षा म्हणून पाणी कधीही बंद करायचं नाही. तहान लागली, हे त्याला बोलून सांगता येत नाही ना!