उन्हाळ्यातला डोह

गेल्या मे महिन्यात महाळुंगे पडवळला बाजरीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपून निघालो, तोच एक ओळखीचे आबा म्हणाले, "साहेब, मिठाच्या पाण्यात बाजरी बुडवून दाखविलीत. आता आमच्या पाण्यातली गंमत बघायला चला." त्यांच्या हाती गळाची काठी आणि गांडुळांचा डबा होता. मग काय, निघालो.

हे गाव हुतात्मा बाबू गेनूंचे. वर डिंभ्याला घोड नदीवर जे धरण आहे, त्या जलाशयालाही त्यांचेच नाव आहे. धरणातून पाणी सुटायचे थांबले की खाली नदीची धार तुटते आणि मागे उरतात ते डोह. नदीभरचे मासे मग त्या डोहांत दाटीने राहतात. पण प्रत्येकाची जागा ठरलेली.

काठच्या उथळ पाण्यात ताटलीएवढे खळगे दिसले. आबा म्हणाले, "ही चिलापीची घरं." चिलापी परदेशची. आपल्या देशात ती 1952 साली आली आणि आता हुसकू म्हटले तरी जात नाही. वाम दगडांच्या कपारीत शिरून बसते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. हे तिघे मूळचे गंगेकडचे, बीज सोडल्यामुळे इकडे रुळले. मरळ मात्र गवताच्या आडोशाला असते. तिला वर येऊन हवेतला श्वास घेता येतो, म्हणून गढूळ, कोमट पाण्यातही ती तग धरते.

बाकीच्यांचे तसे नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. शेततळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून आ-आ करू लागले, तर ते खेळत नाहीत, गुदमरत असतात. अशा वेळी खाद्य बंद ठेवून पाणी खळखळते करावे.

मरळीचे नाव निघाले आणि मी गप्प झालो. नोकरीच्या सुरुवातीला, एका जून महिन्यात, पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा फिरताना दिसला. खाली राखणीला मोठी मरळ होती. बेडकीचे आमिष लावून मी ती काढली आणि घरी कालवण मिटक्या मारीत खाल्ले. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो थवा कुठेच नव्हता. आबांना हे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "खाल्ली ना? मग आता दुसऱ्यांना सांगा."

डोहावर तीन मोटारी चालू होत्या. वरचा ऊस सुकत होता, त्यामुळे कोणाला बंद करा म्हणण्याची माझी छाती होईना. पाणी आणखी उतरले की कोणी त्यात औषध टाकून मासे मारील, अशी आबांना धास्ती होती. ते माणसाने खाऊ नयेत आणि गुरांनी ते पाणीही पिऊ नये, हे मात्र मी जमलेल्या पोरांना खडसावून सांगितले.

अंधार पडता पडता मोटारवाले तिघे आले. आबांनी काठी पाण्यात रोवली आणि ओल जिथवर आली तिथे सुतळी बांधली. कमरेएवढे पाणी होते. "याच्या खाली फूटव्हॉल्व्ह न्यायचा नाही," ते म्हणाले. दोघे हो म्हणाले. तिसरा म्हणाला, "आबा, पाऊस लांबला तर?"

आबांनी सुतळी वीतभर खाली सरकवली.