वाटणीच्या भिंती

गेल्या चैत्रात आमच्या संगणकाने आम्हांस नोटीस दिली. 'सी' या विभागात जागा उरली नाही, असे तीत स्वच्छ म्हटले होते, आणि त्या विभागाची निळी पट्टी तांबडी झाली होती. आम्हांस नवल वाटले, कारण त्याच डिस्कवरील 'ई' हा विभाग जवळजवळ रिकामा होता. घर एकच, परंतु एका खोलीत पाय ठेवावयास जागा नाही आणि दुसरीत दिवा लावावयासही कोणी जात नाही, असा हा प्रकार होता.

आम्ही प्रथम काटकसरीचा मार्ग धरला. तात्पुरत्या फाइली पुसल्या, केराची टोपली रिकामी केली, न लागणारे प्रोग्राम काढून टाकले. आठ-दहा जीबी जागा सुटली, आणि तीन आठवड्यांत पुन्हा भरली. सीमध्ये विंडोजचे बिऱ्हाड असते, आणि त्या बिऱ्हाडी दरमहा नव्या सुधारणांचे पाहुणे येतात. शिवाय इंटरनेटवरून उतरवून घेतलेली वस्तू, किंवा डेस्कटॉपवर टाकलेला कागद, आपण निराळे काही सांगितले नाही तर मुकाट्याने सीमध्येच जाऊन बसतो.

तेव्हा भिंतच सरकवावी असे ठरवून आम्ही आमच्या भाच्यास पाचारण केले. तो या विद्येत जाणता आहे. त्याने प्रथमच सांगितले की, ही भिंत खरी भिंत नव्हेच. डिस्क अखंड असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि किती लांबीचा आहे, याची नोंद तिच्या आरंभी असते, इतकेच. जुन्या पद्धतीत ही नोंद अवघी ६४ बाइटांची. चार विभागांस प्रत्येकी १६. जमीन सलग आणि हद्द मात्र मोजणीच्या नकाशावर, तसेच हे.

मग ही वाटणी पाडण्याची रीत आली कोठून? १९८३ साली आयबीएमचा एक्सटी संगणक १० एमबीची डिस्क घेऊन आला, तेव्हा तेवढी जागाही पुष्कळ वाटे. पुढे डिस्का वाढत गेल्या आणि त्यांवरील व्यवस्था तोकडी पडू लागली. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये एक विभाग ३२ एमबीपेक्षा मोठा करता येत नसे. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीत ही मर्यादा २ जीबी होती. मोठी डिस्क घेतली की तिचे तुकडे पाडणे भागच असे. त्या मर्यादा केव्हाच गेल्या. रूढी मात्र राहिली. आमच्या ५०० जीबीच्या डिस्कचे तीन वाटे दुकानदाराने आम्हांस न विचारताच केले होते, आणि वर उपदेश केला होता, "महत्त्वाचे सगळे डीमध्ये ठेवत जा. तिथे काही होत नाही." हे आम्ही वेदवाक्य मानले. त्यात अर्धे सत्य होतेही. विंडोज बिघडून नव्याने घालावे लागले, तर पुसला जातो तो सी. डी शाबूत राहू शकतो.

"पण मामा," भाचा म्हणाला, "सीला वाढायचे तर जागा तिच्या लगत हवी. मधे डी आहे." विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून जे साधन आहे ते विभागाची शेपटी आखडू शकते, किंवा शेपटीलगतची मोकळी जागा विभागास जोडू शकते, मधला विभाग उचलून पुढे नेणे त्यास साधत नाही. त्यासाठी निराळा प्रोग्राम लागतो. तो डीमधील सारे सामान तुकड्यातुकड्याने पुढे नेऊन ठेवतो. यास तासचे तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर सामान ना जुन्या घरी, ना नव्या. लगत जागा असण्याची किंमत आम्हांस समजावून सांगावी लागली नाही. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा विहीर काकांच्या भागापलीकडे गेली, आणि पुढे कित्येक वर्षे आमच्या मातोश्री कळशी घेऊन बोळातून वळसा घालीत.

"डीमध्ये आहे तरी काय?" भाच्याने विचारले. छायाचित्रे होती, पावत्या होत्या. आणि मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्यांची अकरा ध्वनिमुद्रणे होती. २००६ साली आम्ही ती केली; त्यानंतर तीन वर्षांनी त्या गेल्या.

"दुसरी प्रत कुठे आहे?"

"डीमध्ये आहेत ना!" आम्ही म्हणालो.

तो काही बोलला नाही. पिशवीतून स्वतःची डिस्क काढून त्याने प्रत उतरविण्यास आरंभ केला. नऊ मुद्रणे सुखरूप उतरली. दहाव्यापाशी यंत्र अडले. डिस्कचा तेवढा भाग वाचता येईना. "आता भिंतीला हात लावायचा नाही, मामा," तो म्हणाला. ज्या जमिनीवर भिंत, तीच खचू लागली होती. पुढे दोन दिवस एक प्रोग्राम तोच भाग पुनःपुन्हा वाचीत राहिला. दहावे मुद्रण हाती आले, पण ते दोन ठिकाणी अडखळते. अकरावे मिळाले नाही. त्यात काय होते ते आमच्या भगिनीस अर्धेमुर्धे आठवते. आम्हांस तेवढेही आठवत नाही.

मग १ टीबीची नवी डिस्क आणून जुनीची हुबेहूब नक्कल तिजवर उतरविली. पाहतो तो सी पूर्वीइतकाच तोकडा, आणि नवी सारी जागा ईच्याही पलीकडे! नकलेबरोबर जुन्या भिंतीही आल्या होत्या. परंतु आता डी व ई यांमधील सामानाच्या दोन प्रती बाहेर होत्या. एक भाच्याकडे, एक भगिनीकडे. त्याने ते दोन्ही विभाग पुसले, सी २५० जीबीचा केला, उरलेल्या जागेचा एकच डी केला आणि सामान परत आणले. ज्या भिंतीची आम्ही इतकी धास्ती घेतली होती, ती सरकविण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत.

जागा आमच्या घरी कधीच कमी नव्हती. भिंतीचा दोषही थोडाच होता. चूक ही की, भिंतीस आम्ही कुलूप समजलो. वाड्यास आग लागली म्हणजे ती कोणाचा वाटा कोठे संपतो हे पाहून थांबत नाही.

आता दर पाडव्यास भगिनीकडे जाऊन तेथील प्रत ऐकण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. ती धड वाचता येते की नाही, हे त्यावाचून कळावयाचे कसे? दहावे मुद्रण दोन ठिकाणी अडखळते. मातोश्री जात्यात वैरण घालावयास थांबत, तेव्हाही ओवी अशीच क्षणभर थांबत असे.