विधान आणि कृती : उपाय तर्कसंगत आहे की नाही, हे ठरवायचं कसं?



अंकमालिका, दिशा, रक्तसंबंध, बैठक व्यवस्था हे सगळं सरावाने जमतं. आज जो प्रकार घेतोय त्यात मात्र सराव केलेली, हुशार मुलंही गुण घालवतात. विधान आणि कृती. बँकेच्या परीक्षांमध्ये तो वर्षानुवर्षं आहे, एमपीएससीच्या सीसॅट पेपरमध्येही अधूनमधून येतो. एक विधान असतं, त्यात काहीतरी अडचण सांगितलेली असते. खाली दोन-तीन कृती सुचवलेल्या असतात. त्यातली कोणती तर्कसंगत ठरते ते तुम्ही सांगायचं : फक्त पहिली, फक्त दुसरी, दोन्ही, की एकही नाही.

प्रश्नाच्या डोक्यावर एक सूचना छापलेली असते. ती फार थोडे जण वाचतात. तिचा आशय असा : विधानात दिलेली माहिती खरी आहे असं धरून चाला. कृती म्हणजे त्या अडचणीवर सुधारणा, पाठपुरावा किंवा पुढची कार्यवाही करण्यासाठी घ्यायचा प्रशासकीय निर्णय. यातला 'प्रशासकीय' हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. तुम्ही त्या वेळी नाक्यावर गप्पा मारणारे नसता, सही करणारे असता.

आता हे इतकं घोळवून सांगायचं कारण. सीसॅटला ८० प्रश्न, २०० गुण, म्हणजे एका प्रश्नाला अडीच गुण. पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के मिळाले की झालं. मुलं म्हणतात, ६६ गुण काय, सहज पडतील. माझ्या ओळखीची करंजाची एक मुलगी दोन प्रश्नांनी खाली राहिली. सामान्य अध्ययनाचा तिचा पेपर चांगला गेला होता, पण सीसॅटला अपात्र म्हटल्यावर तो कोण मोजतो? वर्ष गेलं. घरचे म्हणाले, आता लग्नाचं बघू. तेव्हा हे दोन प्रश्न म्हणजे नुसते पाच गुण नाहीत.

करंजा कुठे, असं बाहेरचे वाचक विचारतील. पनवेलहून उरणला जायचं, तिथून पुढे द्रोणागिरीच्या पायथ्याला खाडीकाठचं कोळी-आगरी वस्तीचं गाव. आज तालुका उरण, पण ब्रिटिश काळात उरण हा पनवेल तालुक्याचाच पेटा होता. समोर धरमतरच्या खाडीपलीकडे रेवस. मधे लाँच चालते. पंधरा-वीस मिनिटांत माणूस अलिबाग तालुक्यात उतरतो, मोटारसायकलसुद्धा लाँचवर चढवतात. या गावातली मुलं क्लासला येतात आणि नेमका हा प्रकार चुकवतात. त्यांना कमी कळतं म्हणून नव्हे. त्यांना जास्त माहीत असतं म्हणून.

एक साधं उदाहरण घ्या.

विधान : पावसाळ्यात प्रजननाच्या काळात मासेमारी होत असल्याने किनाऱ्यावरील माशांचे साठे घटत आहेत. कृती १ : प्रजननाच्या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी घालावी. कृती २ : मासेमारी व्यवसाय पूर्णपणे बंद करून मच्छीमारांना अन्य उद्योगात वळवावे.

उत्तर सरळ आहे, फक्त पहिली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी याच तर्काने ठरलेली आहे. पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी 'एकही नाही' लिहिलं. का? "सर, बंदी असते ओ, पण बाहेरच्या बोटी येऊन मारून जातात. उपयोग काय?" एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, त्याचं पुढे काय झालं तेही त्यांनी मला ऐकवलं. ते बोलत होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. खोटं कसं म्हणणार?

पण प्रश्न काय विचारतोय बघा. उपाय आणि कारण यांची गाठ बसते का, एवढंच. कारण दिलंय प्रजननकाळातली मासेमारी, उपाय थेट त्याच कारणावर बसतो, आणि असा निर्णय घेणं शासनाच्या हातात आहे. अंमलबजावणी ढिली पडेल ही शंका विधानात कुठेही नाही. ती तुम्ही घरून आणली.

इथे चांगला विद्यार्थी लगेच विचारतो : मग उपाय 'व्यवहार्य' हवा असंही तुम्हीच सांगता ना? सांगतो. व्यवहार्य म्हणजे तो निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला तरी आहे आणि तो मुळात करता येण्यासारखा आहे. 'समुद्रात प्रत्येक बोटीमागे एक पोलीस नेमावा' हे करता येण्यासारखं नाही. 'बंदी घालावी' हे आहे. बंदी लोक पाळतील की नाही, हा पुढचा प्रश्न. पेपरवाल्याला तो हवा असेल तर तो विधानातच लिहील : "बंदी असूनही परराज्यातील बोटी मासेमारी करत आहेत." मग मात्र 'बंदी घालावी' ही कृती निरर्थक होते, कारण बंदी आहेच, आणि 'गस्त वाढवावी' ही तर्कसंगत ठरते. एका वाक्याने उत्तर फिरतं.

आता जड उदाहरण. १८ डिसेंबर २०२४, दुपारी चारच्या सुमारास. गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट आणि इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट. स्पीडबोटीवरचा ताबा सुटला आणि ती आदळली. १५ माणसं गेली. नौदलाच्या त्या दिवशीच्या निवेदनात ठिकाण म्हणून नाव होतं करंजाचं. आमच्या मुलांनी आपल्या गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी बरेच दिवस हा विषय वर्गात काढला नाही. मग मुलांनीच काढला, आणि फळ्यावर प्रश्न तयार झाला.

विधान : चाचणी चालू असलेली वेगवान बोट ताबा सुटून प्रवासी बोटीवर आदळल्याने अनेक प्रवासी बुडून मरण पावले. कृती १ : प्रवासी बोटीतील सर्व प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करावे. कृती २ : प्रवासी बोटींच्या मार्गाजवळ वेगवान बोटींच्या चाचण्या घेण्यास मनाई करावी. कृती ३ : या भागातील प्रवासी जलवाहतूक कायमची बंद करावी. कृती ४ : प्रवासी बोटींत परवानगीपेक्षा जास्त माणसे घेण्यावर कडक कारवाई करावी.

पहिल्याच कृतीवर वाद झाला. "जॅकेट घातलं म्हणून टक्कर टळते काय, सर?" नाही टळत. पण विधानात दोन गोष्टी आहेत : टक्कर झाली आणि माणसं बुडाली. उपाय कारणावर बसतो किंवा परिणाम कमी करतो, यातलं एक असलं तरी चालतं. आग लागू नये म्हणून वायरिंग तपासणं आणि लागलीच तर म्हणून अग्निशामक ठेवणं, दोन्ही उपायच. पहिली कृती तर्कसंगत. अपघातानंतर गेटवेला जॅकेटची सक्ती झालीच. "जॅकेट सीटखाली असतात, वास मारतात, कोण घालतंय?" हेही खरं असेल, पण सक्ती करा असंच तर कृती म्हणते.

दुसरी कारणावर थेट बसते. तिच्यावर कुणी वाद घातला नाही.

तिसरी. मागच्या बाकावरच्या एका मुलीचे वडील लाँचवर आहेत. ती उभी राहून म्हणाली, "बंद केली तर आम्ही खायचं काय? आणि रेवसला जायचं कसं?" वर्ग हसला. मी हसू दिलं नाही, कारण तिने दिलेलं कारण पुस्तकातल्या कारणाइतकंच पक्कं आहे. उपायातून उभी राहणारी नवी अडचण मूळ अडचणीपेक्षा मोठी असेल तर तो उपाय बाद. लाँच बंद झाली तर विद्यार्थी, मासळीवाल्या, दवाखान्याला निघालेले, सगळ्यांना पेण-वडखळचा वळसा. एका अपघातावर एवढं मोठं उत्तर प्रशासन देत नाही. तिने ते आपल्या घरावरून ओळखलं, एवढंच.

चौथीत खरी मेख आहे. बातम्या वाचलेला प्रत्येक जण चौथीवर खूण करतो. बोटीला परवानगी ८४ प्रवासी आणि ६ खलाशांची होती, आणि बोटीत शंभरापेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हा छापून आलं होतं. कृती चांगलीच आहे, खऱ्या आयुष्यात करायलाच हवी. तरी इथे ती तर्कसंगत ठरत नाही. विधानात गर्दीचा एक शब्द नाही. विधानात "क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या" एवढं घाला, आणि चौथी लगेच बरोबर.

हे मुलांना पटायला जड गेलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते दरवेळी थोडं टोचतं. माणसं मेलेल्या घटनेबद्दल 'विधानात नाही म्हणून सोडून द्या' असं सांगायचं? पण मी त्यांना उलटं विचारलं : उद्या तू तहसीलदार आहेस, समोर चौकशीचा अहवाल आहे, आणि तू अहवालात नसलेल्या, गावात ऐकलेल्या गोष्टीवर आदेश काढलास, तर टिकेल? दिलेल्या माहितीवर निर्णय घेणं ही सवय आहे. परीक्षा ती सवय तपासते. ती अख्खा माणूस तपासत नाही, हेही मान्य.

बाजारातल्या नोट्समध्ये एक घोकायचा नियम असतो : 'सर्व', 'कायमचे', 'ताबडतोब' असे टोकाचे शब्द दिसले की कृती खोडा. यावर विसंबू नका. वरच्याच प्रश्नात 'सर्व प्रवाशांना' बरोबर होतं आणि 'कायमची बंद' चूक. सात प्रवाशांना जॅकेट आणि बाकीच्यांना नाही, याला काय अर्थ? शब्द बघू नका, प्रमाण बघा. तसंच 'चौकशी समिती नेमावी'. कारण माहीत नसेल तर समिती योग्य. कारण विधानातच दिलं असेल तर समिती म्हणजे वेळकाढूपणा. 'जनजागृती करावी' ही कृती लोकांच्या वागण्यामुळे अडचण आली असेल तरच चालते.

एमपीएससीचे निर्णयक्षमतेचे प्रश्न याहून वेगळे, त्यांची गल्लत करू नका. तिथे प्रसंग असतो, तुम्ही अधिकारी असता, आणि चारही पर्याय थोडेफार बरोबर वाटतात. चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे ते कोरे सोडणं म्हणजे हातातलं टाकणं. करंजाची मुलं तिथे मस्त चालतात. धक्क्यावर भरतीची वेळ, तापलेली माणसं आणि एकच लाँच, असा प्रसंग त्यांनी शंभरदा पाहिलेला असतो. आरडाओरडा न करता आधी कुणाला चढवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

ती दोन प्रश्नांनी राहिलेली मुलगी परत येते आहे. लग्नाचं बघणं वर्षभर पुढे ढकललंय. आता ती प्रत्येक विधानाखाली पेन्सिलने रेघ मारते आणि कृतीतला जो शब्द विधानात सापडत नाही त्यावर गोल करते. मला ही पद्धत आवडली, तुम्हीही करून बघा.

गृहपाठ म्हणून एक देतो. उत्तर कारणासह लिहा, नुसता पर्याय नको.

विधान : रेवस-करंजा पूल पूर्ण झाल्यावर या मार्गावरील लाँचचे प्रवासी मोठ्या प्रमाणात कमी होतील आणि लाँचवर काम करणाऱ्यांचा रोजगार जाईल. कृती १ : पुलाचे काम थांबवावे. कृती २ : लाँचवरील कामगारांना पर्यायी रोजगारासाठी प्रशिक्षण व प्राधान्य द्यावे. कृती ३ : पुलावरून जाणाऱ्या दुचाकींना मनाई करावी, म्हणजे लाँच चालू राहील.

वर्गात पहिल्या कृतीला तीन हात वर आले. लाँचवाल्याच्या मुलीचा त्यात नव्हता. ती म्हणाली, "सर, दुसरीच. पण प्रशिक्षण कसलं, ते विधानात नाय लिहिलं."