पान्याचं ऋण

वर्ध्यात कडुनिंबाखाली एका काकांची सायकल दुरुस्तीची टपरी आहे. पाण्याचं घमेलं, हवेचा पंप, सोल्युशनच्या नळ्या, छर्ऱ्यांचा डबा. आज मी सायकल चालवून पोट भरतो, त्याचं मूळ या टपरीत आहे.

२०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. आपल्या बाजूचा माणूस अख्खी अमेरिका सायकलने पार करतो, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. मला मात्र डांबरापेक्षा मुरूम ओढत होता. सेलूकडून बोर धरणाकडे निघालं की लागणारे कच्चे रस्ते, कपाशीच्या वावरांमधून जाणाऱ्या पांदणी. अशा वाटांवर सायकल चालवण्याला जगात 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात, हे पुढे कळलं.

पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीने धडा दिला. चिमट्यात चिखल गच्च बसला, मी हट्टाने पायडल मारत राहिलो आणि मागच्या चाकाच्या आऱ्या तुटल्या. सायकल खांद्यावर घेऊन टपरी गाठली. काकांनी पाना माझ्याच हातात ठेवला.

"मी करून देईन बावा, पण पांदणीत मी कुठं येतो? तूच कर."

चाकाचा आउट काढता काढता अंधार पडला. एक आरी आवळली की दुसरीकडे चाक वाकायचं. काकांनी माझ्यासाठी टपरी उघडी ठेवली, दिवा जवळ धरला, पण पान्याला हात लावला नाही. पैसे विचारले, तर म्हणाले, "शिकल्याचे पैसे नसतात."

ग्रॅव्हलच्या या खेळात पगार देणारा संघ क्वचितच मिळतो. प्रायोजक, प्रवास, दुरुस्ती सगळं ज्याचं त्याने पाहायचं. कॅन्सासमधल्या 'अनबाउंड' शर्यतीचं मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. ठरलेले थांबे सोडले तर वाटेत बाहेरची मदत घेता येत नाही. तो नियम वाचला आणि काकांचं 'तूच कर' कानात वाजलं. त्यांनी मला तोच नियम कडुनिंबाखाली शिकवला होता.

सायकलसाठी नोकरी सोडल्यावरच्या कोरड्या महिन्यांत त्यांनी उधारीवर टायर दिले आणि वहीत कधी लिहिले नाहीत. आता हिवाळ्यात मी पाहुण्यांना सेवाग्राम, पवनार, बोरच्या वाटांवर नेतो, मुलांना शिकवतो. आडरानात कुणाचं चाक वाकलं, तर गाडी बोलवावी लागत नाही. त्या भरवशावर माणसं पुन्हा येतात. माझ्या धंद्याची सगळी पत त्या एका संध्याकाळची आहे.

काकांची नजर आता मंदावली आहे. नवं चाक बांधलं की आधी त्यांच्याकडे नेतो. ते डोळे मिटून आऱ्यांवरून बोट फिरवतात, एका ठिकाणी थांबतात.

"ही ढिल्ली हाये."

मी पाना घेऊन त्यांच्या पायाशी बसतो.